पाहिलं की दुप्पट

आमच्या जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून एक शब्द भेटतो: तिरट. बातमी चार ओळींची असते. अमुक गावच्या शिवारात, बाभळीच्या आडोशाला, इतके इसम ‘तिरट नावाचा हारजितीचा जुगार खेळताना मिळून आले’. हे ‘मिळून आले’ मला फार आवडतं. जणू पोलीस कुणाचं हरवलेलं वासरू शोधायला निघाले होते आणि वाटेत हे मिळून आले. पुढे मुद्देमालाची यादी. रोख रक्कम, मोटारसायकली, मोबाइल आणि शेवटी बावन्न पानांचा कॅट. ज्याच्यामुळे एवढं रामायण घडलं तोच ऐवज यादीत सगळ्यात स्वस्त. गुन्हा दाखल होतो १८८७ च्या, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या कायद्याखाली. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, त्या कायद्याच्या नावातल्या मुंबईचं महाराष्ट्र झालं, तिरट मात्र तिरटच राहिली.

तिरट म्हणजे तीन पत्ती. शहरातली माणसं तिला फ्लश म्हणतात, मोबाइलवर खेळणारी पोरं तीन पत्ती म्हणतात. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर ती तिरटच होती, आणि माझ्या आयुष्यातलं संभाव्यतेचं पहिलं प्रकरण मी तिथे शिकलो. पुढे तीसएक वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण नाणेफेकीच्या पुढची उदाहरणं घ्यायची वेळ आली की वर्गात जीभ चावावी लागायची. मास्तरांनी तिरटीचं उदाहरण दिलं, ही बातमी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाजारतळावर पोहोचली असती.

गणपतीच्या जागरणाला मंडपाच्या मागे, कंदिलाच्या उजेडात, घोंगडीवर डाव बसे. आम्हा पोरांना चिंचोक्यांवर खेळायची मुभा होती. मोठी माणसं पाच-दहा पैशांवर खेळत आणि आम्ही त्यांच्या पाठीमागून पानं बघत असू. बघायचं, पण तोंड मख्ख ठेवायचं, ही अट होती. इंग्रजीत ज्याला पोकरचा चेहरा म्हणतात त्याला मराठीत ‘मख्ख’ हा अडीच अक्षरांचा शब्द कधीपासून आहे, आणि तो उच्चारतानाच निम्मा चेहरा आपोआप मख्ख होतो. माझे वडील, तात्या, या बाबतीत कच्चे होते. चांगली पानं आली की त्यांचा हात कोपरीच्या खिशाकडे जाई, तंबाखूची पुडी निघे आणि ते सावकाश तंबाखू मळायला लागत. दोन-तीन वर्षांत सगळ्या वस्तीला ही खूण कळली. तात्या मळायला लागले की लोक पानं टाकून देत. मग कधीतरी तात्यांना कळलं की लोकांना कळलंय. त्यानंतर ते हातात दुर्री-तिर्री-सत्ती असतानाही तंबाखू मळू लागले. पुढे पुढे तर त्यांची त्यांनाही खात्री उरली नसावी, की आपण हे का मळतोय.

ब्लफ हा शब्द मात्र मी त्या घोंगडीवर एकदाही ऐकला नाही. तो मला नंतर, नगरला शिकायला आल्यावर, वसतिगृहातल्या चॅलेंजच्या डावात भेटला. पालथी पानं टाकून ‘तीन एक्के’ म्हणायचं आणि समोरच्याने विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवायचं. शब्द मुळात डच, अर्थ बढाई मारणे, असं कोश सांगतात. तीन पत्तीचा पूर्वज मानल्या जाणाऱ्या इंग्रजी खेळाचं नाव ‘ब्रॅग’, त्याचाही अर्थ तोच. म्हणजे त्या लोकांनी खेळाचा आत्मा बढाईत पाहिला. आपल्याकडे बढाईला तोटा नव्हताच. थाप, बंडल, टेप, पुडी. लोण्याचं कढवून नुकतंच तूप करावं तशी ताजी ताजी लोणकढी थाप. आखाड्यात आणि कबड्डीत हूल. तमाशात बतावणी. अंगात नसलेल्या बळासाठी उसनं अवसान. आणि या सगळ्यांच्या वर, कुठल्याही पोकरवाल्याने हेवा करावा अशी ती मूठ, जी झाकलेली असेपर्यंत सव्वा लाखाची. सव्वा का? नुसत्या लाखावर कुणी विश्वास ठेवला नसता. वरचा पाव लाख हाच खरा ब्लफ.

एवढं सगळं असताना ब्लफ हा शब्द आमच्या वस्तीला लागलाच नाही. ज्या इंग्रजी शब्दाला घोंगडीवर मानाची जागा मिळाली तो दुसराच: ब्लाइंड.

न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. पोकरमध्ये प्रत्येकाला आपापली पानं पाहता येतात. आपल्या हातात काय आहे ते माहीत असतं, आणि जे नाही ते आहे असं भासवायचं, हा तिथला ब्लफ. तिरटीत आणखी एक वाट आहे. वाटलेली तीन पानं उचलायचीच नाहीत. पालथीच ठेवायची आणि पैसे टाकत राहायचे. यालाच ब्लाइंड खेळणं म्हणतात. एकदा पानं उचलून पाहिली की ब्लाइंडवाला जेवढे टाकेल त्याच्या दुप्पट टाकावे लागतात. ब्लाइंडवाल्याने दहा पैसे टाकले तर पाहिलेल्याने वीस टाकायचे. असं आपल्या पाळीला पैसे टाकणं म्हणजे चाल. लहानपणी हा नियम मला अन्यायाचा वाटे. मग आबांनी, म्हणजे आजोबांनी, एका वाक्यात निकाल लावला. “त्यानं पाह्यलंय न्हवं? मग त्येचं मोल नको?”

बी.एस्सी.ला असताना मी वहीच्या मागच्या पानावर तिरटीचा हिशोब केला. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यात तीन सारखी पानं फक्त ५२ हातांत. पक्का रन ४८. साधा रन ७२०, कलर १,०९६, जोडी ३,७४४. बाकी १६,४४० हात म्हणजे काहीच नाही. जे मोठं पान असेल तेच काय ते बळ. चारातल्या तीन वेळा माणूस रिकाम्या हाताने बसलेला असतो. समोरचाही तसाच. हे आकडे पाहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं की आबा इतके शांत कसे. ते जवळजवळ नेहमी ब्लाइंड खेळायचे. चारात तीनदा पानं पाहून मन खट्टूच व्हायचं असेल, तर ती पाहायचीच कशाला आणि वर दुप्पट पैसे कशाला मोजायचे? आबांना आकडा माहीत नव्हता. पण जिरायत जमिनीवर साठ पावसाळे काढलेल्या माणसाला चारातलं एक म्हणजे किती, हे वहीत मांडून दाखवावं लागत नाही.

१९६७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे रमीचा एक खटला आला. रमीत पानं लक्षात ठेवावी लागतात, जुळवावी लागतात, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला. त्याच निकालात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी तीन पानांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा खेळ म्हटलं. न्यायालयाचा पूर्ण आदर ठेवून मला एवढंच म्हणायचंय की माननीय न्यायमूर्ती तात्यांच्या समोर कधी बसले नव्हते. पानं नशिबाची, हे कबूल. तंबाखू कुणाची?

रमीचं नाव निघालंच आहे तर २०२५ च्या जुलैची गोष्ट आठवते. विधान परिषदेत बसलेल्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा डाव दिसत असल्याची चित्रफीत आमच्याच जिल्ह्यातल्या, कर्जत-जामखेडच्या आमदारांनी लोकांपुढे ठेवली. आपण खेळत नव्हतो, आपोआप आलेला खेळ बंद करत होतो, असं मंत्र्यांचं म्हणणं. काही दिवसांत त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. एवढा नेमका पत्ता पिसणारा कोण असेल, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. पुढच्याच महिन्यात पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा झाला.

तर ब्लाइंड. घोंगडीवरून उठून हा शब्द वस्तीभर कसा फिरला ते मी डोळ्यांनी पाहिलंय. रोहिणीचा एखादा पाऊस पडला, मृगाची खात्री नाही आणि तरी कुणी बाजरी पेरली की लोक म्हणत, “ब्लाइंड टाकली त्यानं.” पोरीचं स्थळ बिनचौकशीचं जमवलं, तर तो ब्लाइंड. सात-बारा न बघता इसार दिला, तर तोही ब्लाइंड. माझे विद्यार्थी आता स्पर्धा परीक्षा देतात. चूक उत्तराला पाव गुण कापला जातो, हे पक्कं माहीत असूनही पेपरवरून येतात आणि सांगतात, “सर, शेवटचे दहा ब्लाइंड मारले.” त्यांच्यातला एक तर परवा म्हणाला, “यंदा ऑल-इन आहे सर, लागलं तर लागलं.” हा पोकरचा शब्द पुण्याच्या अभ्यासिकेतून आलाय. ऐकायला ऐटबाज आहे, पण मला तो अजून नवखा वाटतो. ऑल-इन म्हणणाऱ्याने आपली पानं पाहिलेली असतात. ब्लाइंडवाल्याचं तसं नसतं. त्याच्या बोलण्यात बढाई नसते, थोडी लाज असते.

बाकीचे शब्दही संसाराला लागले. एखादा माणूस भांडणातून, निवडणुकीतून किंवा जगातूनच बाजूला झाला की ‘पॅक झाला’. आबा गेले तेव्हा त्यांच्याबरोबर खेळणारे एक म्हातारे खांदा देऊन आल्यावर ओट्यावर बसून म्हणाले, “पॅक झाला गडी. पानं न बघताच गेला.” मी तेव्हा त्यांच्यावर चिडलो होतो. ‘शो’, म्हणजे पानं उघडून दाखवणं, हा मात्र धमकीचा शब्द. बांधावरून दोन भाऊ भांडत असतील तर तिसरा म्हणणार, मोजणी आणा, शो होऊन जाऊ द्या. मोजणी सहसा कुणी आणत नाही. कारखान्याच्या निवडणुकीत तर पत्त्यांशिवाय बोलताच येत नाही. कुणाचा पत्ता कट, कुणाच्या हाती हुकमाचा एक्का, कोण कुणाला खेळवतंय. साखर कारखाने आणि सोयरीक या दोन गोष्टींवर चाललेलं आमच्या जिल्ह्याचं राजकारण हा महाराष्ट्रातला एक वेगळा अभ्यासविषय आहे, तो अभ्यास मी दुसऱ्यांवर सोडतो. एवढंच नोंदवतो की तिथे ब्लाइंड कुणीही खेळत नाही.

पानं झाकण्याची कला पाहायची असेल तर शुक्रवारी घोडेगावला जावं. नेवासे तालुक्यातला हा जनावरांचा बाजार, म्हशींसाठी लांबलांबून लोक येतात. मी तात्यांबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा आठवीत होतो. म्हैस मधे उभी, तिच्या एका बाजूला घेणारा, दुसऱ्या बाजूला विकणारा, दोघांत दलाल. दलालाने उपरणं काढून विकणाऱ्याच्या हातावर टाकलं, त्याखाली आपला हात घातला आणि बोटं धरली. चेहरे तिघांचेही मख्ख. उपरण्याखाली काहीतरी हललं. दलालाने मान हलवली, हात काढला आणि तेच उपरणं घेणाऱ्याच्या हातावर टाकलं. आजूबाजूला पन्नास माणसं बघत होती आणि किंमत एकालाही कळली नाही. याला करपल्लवी म्हणतात हे मला नंतर एका जुन्या पुस्तकात सापडलं. डोळ्यांनी बोललं तर नेत्रपल्लवी. पानं फुटावीत तशी बोटांना आणि पापण्यांना फुटलेली भाषा! जुन्या व्यापाऱ्यांनी तर आकड्यांची अख्खी नंदभाषाच केली होती. केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू म्हणजे तीन आणि चार म्हणजे पोकू. पोकू आणि पोकर यांचा काही संबंध नाही, पण हे कळलं त्या दिवशी मी एकटाच बराच वेळ हसत बसलो.

त्या दिवशी सौदा झाला नाही. परत येताना मी तात्यांना विचारलं, “त्यांनी किती सांगितले?” तात्या म्हणाले, “त्यानं सांगितले ते खरे नव्हते, मी सांगितले ते बी खरे नव्हते. मधल्याला दोन्ही माहीत होतं.”

झाकलेल्या मुठीचा सगळ्यात मोठा डाव मी पाहिला तो १९७२ साली, आणि तो पत्त्यांचा नव्हता. त्या दुष्काळाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी पुन्हा वर्णन करणार नाही. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला सगळी वस्ती जायची, पोरांना सुकडी मिळायची, रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो. मी आठ वर्षांचा होतो. एका दुपारी आजीचा दूरचा चुलतभाऊ पायी चालत आला. बसला, पाणी प्याला. आजी म्हणाली, “आता जेवूनच जायचं, दादा.” मी आजीकडे बघतच राहिलो. पिठाचा डबा सकाळी तिने माझ्यासमोर झटकला होता. डब्याच्या तळावर थाप मारून, कडेचं पीठ बोटाने ओढून त्यातून एक भाकर केली होती आणि ती आम्ही तिघा भावंडांनी खाल्ली होती. आजीचा आवाज मात्र कणगी भरलेल्या घरातला. दादा म्हणाले, “आगं, आत्ताच जेवून निघालोय. पोट तुडुंब आहे.” आजी म्हणाली, “आसं कसं, चतकोर तरी.” दादा म्हणाले, “नको, आता घासभर बी जायचं न्हाई.” त्यांच्या ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. असं तीनदा झालं. प्रत्येक वेळी आजीने चाल वाढवली, प्रत्येक वेळी दादांनी तेवढीच चाल लावली. मग ते उठले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि उन्हात चालू लागले.

आता मला वाटतं, तिरटीच्या साऱ्या शब्दांत या डावाला शब्द नाही. दोघांनीही आपली पानं पाहिली होती. एवढंच नाही, दोघांनाही समोरच्याची पानं माहीत होती. दोघंही दुप्पट मोजत होते. आणि शो मागायचा नाही, हे न बोलता ठरलेलं होतं. याला थाप म्हणावं तर आजी आयुष्यात खोटं बोलली नाही असं सगळी वस्ती सांगते. मी तेव्हा मूर्खासारखं, दादा वळणाआड गेल्यावर, म्हणालो होतो, “आजी, पीठ कुठं होतं?” आजीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने डब्याचं झाकण पुन्हा नीट बसवलं.

नगरच्या किल्ल्यापाशी गेलो की मला हा डबा आठवतो, आणि त्याला कारण चांदबिबी. १५९५ च्या शेवटी शहाजादा मुरादच्या मोगल फौजेने किल्ल्याला वेढा दिला. सुरुंग लावून तटाला खिंडार पाडलं. चांदबिबीने स्वतः उभं राहून ते खिंडार रातोरात बुजवून घेतलं. सकाळी मोगलांनी पाहिलं तर तट उभा. गोळे संपले तेव्हा तिने तोफांतून तांब्याची, मग रुप्याची, मग सोन्याची नाणी डागली, अशी दंतकथा आहे. खरी असो नसो, पैसे टाकत राहण्याची यापेक्षा मोठी चाल मी ऐकलेली नाही. मोगलांचीही दाणावैरण संपत आली होती, दख्खनच्या इतर शाह्यांची कुमक येतेय अशी खबर होती. शेवटी वऱ्हाड घेऊन मुराद परत फिरला.

ही गोष्ट शाळेत सगळे शिकवतात. पुढची सहसा शिकवत नाहीत. १६०० मध्ये मोगल पुन्हा आले. या वेळी आतली फूट इतकी होती की लढण्यात अर्थ नाही, किल्ला देऊन बालराजाला आणि माणसांना सुखरूप बाहेर काढावं, असं चांदबिबीचं मत पडलं. तिने ते आपल्या एका सरदाराला विश्वासाने सांगितलं. त्याने बाहेर ओरड केली की ही मोगलांना मिळाली. जमाव आत घुसला आणि तिच्याच लोकांनी तिला मारलं. थोड्याच दिवसांत किल्ला पडला. रिकामी मूठ झाकून धरली तेव्हा ती रणरागिणी होती. मूठ उघडून ‘हे बघा, आपल्याकडे काही नाही’ असं आपल्याच माणसांना सांगितलं, तर ती फितूर झाली. आणि शहराच्या पूर्वेला डोंगरावर दिसणाऱ्या ज्या तीन मजली इमारतीला आम्ही सगळे चांदबिबी महाल म्हणतो, तो तिचा नाहीच. ती निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर आहे. सहलीच्या पोरांना मी दर वर्षी हे सांगायचो आणि पोरं दर वर्षी खाली येऊन आपापल्या आयांना सांगायची, चांदबिबीचा महाल पाहिला.

मूठ उघडून जगता येतच नाही असं नाही. नगरहून तासाभराच्या आत हिवरे बाजार आहे. पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून त्या गावाने जे केलं ते देशभर माहीत आहे. पण मला त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट पाणलोटाची वाटत नाही. ती पाण्याच्या ताळेबंदाची वाटते. पाऊस किती झाला ते मोजायचं, जमिनीत किती मुरला ते काढायचं, प्यायला किती, जनावरांना किती, खरिपाला किती, रब्बीला किती हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडायचं आणि त्याप्रमाणे यंदा काय पेरायचं ते ठरवायचं. ऊस नाही. शेतीसाठी बोअर नाही. म्हणजे अख्ख्या गावाने आपली पानं उचलून पाहायची, वर ती एकमेकांना दाखवायची. आमच्या वस्तीवरची दहा-बारा माणसं एकदा तिथे सहलीला जाऊन आली. परत येताना जीपमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, “चांगलंय. पण आपल्यात कोण दाखवीन?”

खरंच होतं ते. पाहिलं की दुप्पट मोजावं लागतं. कमी पाऊस झाला असं एकदा पाटीवर लिहिलं की उसाची हौस सोडावी लागते, शेजाऱ्याच्या मोटारीकडे बोट दाखवता येत नाही, आणि स्वतःच्याही. आमच्या वस्तीने ब्लाइंड पसंत केला. मीही त्यातलाच.

२०१३ च्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. तात्या पंच्याहत्तरीला आले होते. पाणाडी आला, तळहातावर नारळ आडवा धरून रानातून चालला, एका जागी नारळ उभा राहिला. पाणी आहे म्हणाला. आमच्या खालचा खडक काळा, दख्खनचा कातळ. पाणी असतं ते भेगांत. भेग सापडली तर गंगा, हातभर बाजूला गेलं तर फुफाटा. गणिताच्या मास्तराने नारळावर विश्वास ठेवावा का? आधीचे दोन बोअर फेल गेले होते, तेही नारळानेच दाखवलेले. पण आई म्हणाली तेही खरं होतं, “मग तू सांग कुठं घ्यायचा.” मला सांगता आलं नाही. भविष्य निर्वाह निधीतून पैसे मी काढले होते.

गाडी रात्री आली. त्या उन्हाळ्यात बोअरच्या गाड्यांना दिवसरात्र नव्हती. धडधड सुरू झाली, पांढरा धुराळा उडू लागला, चिंचेच्या पानांवर बसू लागला. वस्तीवरची माणसं घोंगड्या घेऊन येऊन बसली, अगदी जागरणाला बसत तशी. बोअरचा दर फुटावर असतो, आणि ठरावीक खोलीनंतर तो वाढत जातो. माझ्या लक्षात आलं की ही तर चाल आहे. जितकं खोल जाल तितकी प्रत्येक पुढची चाल महाग, आणि आजवर टाकलेले पैसे मधे घोंगडीवर पडलेले. उठावं तर तेही गेले. मी रॉड मोजत होतो. वीस फुटांचा एक. मी पाहणारा होतो, म्हणून प्रत्येक रॉडला माझ्या पोटात दुप्पट कालवत होतं. तात्या गाडीकडे पाठ करून बसले होते.

पंधराव्या रॉडला गाडीवाला म्हणाला, “मास्तर, तीनशे झाले. इथून दर वाढतो. काय करायचं?”

मी तात्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, “चालू द्या.”

सतराव्याला त्याने पुन्हा विचारलं. एकोणिसाव्याला विचारताना त्याच्या आवाजात थोडी कीव होती. धुराळा कोरडाच. मला वाटलं, आता उठावं आणि तात्यांना आकडा सांगावा: इतके गेले, इतके उरले, आता पॅक म्हणा. उठलोही. पण आमच्या घोंगडीवर एक नियम होता, आबांच्या वेळेपासूनचा. शेवटी दोघंच उरले आणि समोरचा अजून ब्लाइंड असला, तर पाहिलेल्याला शो मागता येत नाही. त्याने एक तर चाल टाकत राहायची, नाहीतर स्वतः पॅक व्हायचं. आंधळ्याला ‘दाखव’ म्हणायचं नाही.

मी खाली बसलो.

एकविसावा रॉड गाडीवरून उतरला. चारशे वीस. कंदील कुणीतरी मोठा केला. तात्यांनी पाठ न वळवता कोपरीच्या खिशात हात घातला, पुडी काढली, तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला आणि अंगठ्याने सावकाश मळायला सुरुवात केली.

वस्तीवरची सगळी माणसं त्या अंगठ्याकडे बघत होती.